गोरिला बघायला जायचंय, पण तिघांनी की एकटीने?

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यातल्या एक ताई, वय ४६, बँकेत नोकरी. शाळेत असल्यापासून त्यांना जंगलातला गोरिला समोरासमोर बघायचाय. गेली काही वर्षं आरडी करून ६ लाख जमवलेत. पुढच्या वर्षी लग्नाला २० वर्षं होतायत म्हणून नवरा आणि मुलीला घेऊन आफ्रिकेत जायचं ठरवलं, टूरवाल्याकडून कोटेशन मागवलं तर माणशी ५ लाख ७५ हजार, म्हणजे तिघांचे सव्वासतरा लाख. नवऱ्याचं म्हणणं, "एका तासासाठी एवढे? त्यात युरोप होईल." नणंद म्हणाली, "माकडं बघायला एवढा खर्च?" मुलगी १४ वर्षांची, नववीत आहे, तिला जायचंय. नवऱ्याचे गुडघे दुखतात, त्याला फारशी हौस नाही पण "तू म्हणशील तर येतो" म्हणतोय. ताई विचारतात, मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडू का, पर्सनल लोन काढू का, की रवांडाऐवजी स्वस्तातला युगांडा करू, की हे सगळं डोक्यातूनच काढून टाकू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि आधी एफडीचं सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे बोलता येईल. एफडी मोडायची नाही आणि लोनही काढायचं नाही. ट्रीपसाठी पर्सनल लोन काढलं की परत आल्यावर दर महिन्याच्या हप्त्याला नवरा काही बोलला नाही तरी तुम्हालाच ते टोचत राहणार, आणि मुलीच्या एफडीला हात लावलात तर नणंदेला आयुष्यभराचा विषय मिळाला. पण डोक्यातून काढून टाकायचंही काही कारण नाही, कारण मला तुमच्या पत्रात पैशाचा प्रश्न जेवढा दिसतोय त्याहून मोठा घोळ दुसऱ्याच गोष्टीचा दिसतोय. तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधलीत. गोरिला बघायचं तुमचं स्वप्न, लग्नाचा विसावा वाढदिवस, फॅमिली ट्रीप, आणि "आफ्रिका" नावाची एक प्रचंड मोठी गोष्ट. टूरवाल्याने त्या मोळीचा भाव सांगितला, नुसत्या गोरिलाचा नाही.

ते कोटेशन परत एकदा काढून बघा. तुम्हीच लिहिलंय की त्यात मसाई मारा आहे, चिंपांझी आहेत, लेक व्हिक्टोरियावरची बोट आहे, दोन डोमेस्टिक फ्लाईट आहेत आणि लॉज लक्झरी आहेत. यातलं तुम्ही काय मागितलं होतंत? फक्त गोरिला. बाकीचं "एवढ्या लांब जाताय तर हेही बघून घ्या" या नावाखाली आलं, आणि आपण सगळेच तिथे फसतो कारण परत कधी जाणार असं वाटतं. मारा सुंदरच आहे, प्रश्नच नाही, पण तो केनियात आहे, त्याचा खर्च वेगळा आहे आणि तो दहा वर्षांनीही करता येईल.

आता आकडे. मी सगळीकडे डॉलर ९० रुपये धरलाय, तुम्ही बुक कराल तेव्हाचा भाव घाला. डोंगरातले गोरिला, म्हणजे माऊंटन गोरिला, जगात फक्त तीन देशांत आहेत, युगांडा, रवांडा आणि काँगो. शेवटच्या गणनेत १,०६३ निघाले. काँगोमधल्या विरुंगा पार्कचं परमिट, म्हणजे गोरिला बघायला जायची सरकारी परवानगी, बाकी दोघांपेक्षा स्वस्त असायचं, पण त्या बाजूला लढाई चालू आहे, गोमा शहर २०२५ च्या जानेवारीत बंडखोरांनी घेतलं, त्यामुळे कोणी कितीही स्वस्तात देतो म्हणालं तरी तिकडचं नावही काढू नका. उरले दोन. युगांडात परदेशी माणसाला एका दिवसाचं परमिट ८०० डॉलर, म्हणजे ७२ हजार. रवांडात १,५०० डॉलर, म्हणजे १ लाख ३५ हजार. यात घासाघीस नाही, हे सरकारी दर आहेत, आणि कोणी "आमच्याकडे सरकारी दरापेक्षा स्वस्त आहे" म्हणालं तर तिथूनच काढता पाय घ्या.

हे परमिट म्हणजे लग्नातल्या ताटासारखं आहे, माणशी मोजतात. गाडी, ड्रायव्हर, खोली हे सगळं मात्र वाटून घेता येतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की बजेट आपोआप सुटायला लागतं. कारण मग पहिला प्रश्न "कुठला देश" हा राहतच नाही, तो होतो "ताट किती जणांची मांडायची".

आणि इथे मला तुम्हाला जरा टोकायचंय. तुम्ही तिघांचं परमिट धरूनच चाललात. नवऱ्याला हौस नाही, गुडघे दुखतायत, तो तुमच्यासाठी येतोय. चांगला माणूस आहे, पण त्याला ७२ हजार खर्चून युगांडातल्या बविंडीच्या चिखलात चढायला लावणं हे प्रेम की शिक्षा? बविंडीच्या जंगलाचं इंग्रजी नावच मुळी "आत शिरता न येणारं" अशा अर्थाचं आहे. उंची साधारण १,१६० मीटरपासून २,६०७ मीटरपर्यंत, म्हणजे वरचा भाग आपल्या कळसूबाईपेक्षा बराच उंच, आणि कळसूबाईला निदान वाट आणि शिड्या तरी आहेत. इथे गोरिला जिथे असतील तिथे जायचं. पुढचा माणूस कोयत्याने वेली तोडतो, तुम्ही मागून काठी टेकत जाता, पायाखाली ओला पालापाचोळा आणि त्याच्याखाली जमीन आहे की नुसती मुळं ते कळत नाही, हाताला खाजरी झुडपं लागतात म्हणून बागकामाचे जाड हातमोजे घालायला सांगतात. कधी तासाभरात सापडतात, कधी जाऊन-येऊन सहा-सात तास. दुखऱ्या गुडघ्यांना उतरताना काय होतं ते सिंहगड उतरताना कळतंच.

मग त्याने काय करायचं? लॉजच्या व्हरांड्यात बसायचं, समोर धुक्यातलं जंगल, हातात युगांडाची कॉफी. बुहोमासारख्या गावात गाईड घेऊन सपाटीवरून फिरता येतं, चहाचे मळे आहेत, केळ्याची दारू कशी काढतात ते बघता येतं. (बट्वा लोकांचा कार्यक्रमही दाखवतात. हे या जंगलातले मूळ रहिवासी, १९९१ मध्ये नॅशनल पार्क झालं तेव्हा त्यांना बाहेर काढलं. पैसे खरंच त्यांच्या हातात जातात का हे विचारल्याशिवाय जाऊ नका असं माझं मत.) संध्याकाळी तुम्ही चिखलाने माखून परत आलात की सगळी गोष्ट त्याला सांगायची. विसावा वाढदिवस साजरा करायला हे काही वाईट नाही. अर्थात हे मी परस्पर ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. त्याला सरळ विचारा की तुला जंगलात यायचंय की नुसतं माझ्याबरोबर यायचंय, आणि काय म्हणेल ते मान्य करा.

मुलीचा मुद्दा वेगळा आणि तो तुमच्या टूरवाल्याने तुम्हाला सांगितलेलाच दिसत नाही. गोरिला ट्रेकला किमान वय १५ आहे, दोन्ही देशांत. पासपोर्ट बघतात, "महिनाभरच कमी आहे हो" असं म्हणून चालत नाही, कारण माणसांचे साधे आजार, सर्दी-खोकला, गोवर, गोरिलांना झपाट्याने लागतात आणि त्यांना ते झेपत नाहीत. मुलीला सप्टेंबरमध्ये पंधरावं संपतंय असं तुम्ही लिहिलंय की पंधरावं लागतंय ते पत्रावरून नीट कळलं नाही, म्हणून तारखेच्या दिवशी १५ वर्षं पूर्ण हवीत एवढं पक्कं लक्षात ठेवा. आणि आत्ता नववी म्हणजे पुढच्या वर्षी दहावी! म्हणजे डिसेंबर-फेब्रुवारीचा कोरडा सीझन, जो तिकडे जायला उत्तम, तो प्रीलिम आणि बोर्डात गेला. बोर्ड मार्चमध्ये संपल्यावर लगेच जावं तर मार्च ते मे तिकडे पाऊस. पुढचा कोरडा काळ जून ते ऑगस्ट, तेव्हा अकरावीच्या ऍडमिशनचा गोंधळ.

माझं मत विचाराल तर बोर्ड संपल्यावरचा एप्रिल इतका वाईट नाही जितका सांगतात. पाऊस असतो, चिखल जास्त असतो, पण जंगल तसंही बारा महिने ओलंच आहे, लॉजचे भाव खाली येतात आणि परमिट मिळायला मारामारी होत नाही. गोरिला कुठे जात नाहीत. जून ते ऑगस्टमध्ये जायचं असेल तर मात्र परमिट बरेच महिने आधी घ्यावं लागतं, कारण माणसांची सवय झालेल्या एका कुटुंबाजवळ दिवसात फक्त ८ पर्यटक सोडतात, एकदाच, एक तास. दहावीचा निकाल लागल्यावर ठरवू म्हणालात तर हुकणार.

आता "एका तासाचे ७२ हजार" या नवऱ्याच्या गणिताबद्दल, कारण ते चुकीचं नाही पण अर्धवट आहे. त्या तासाआधी काय काय चालतं ते बघा. एखाद्या कुटुंबाला माणसांची सवय व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, रोज माणसं जाऊन नुसती जवळ बसून येतात. रोज पहाटे ट्रॅकर निघतात, काल रात्री गोरिला जिथे झोपले ती पानांची घरटी शोधतात आणि तिथून माग काढत जातात, मग वायरलेसवर तुमच्या गाईडला कळवतात. बरोबर बंदूकवाले रेंजर असतात, मुख्यतः जंगली हत्तींसाठी. युगांडात प्रत्येक परमिटमधले १० डॉलर आणि पार्कच्या प्रवेश फीचा २० टक्के हिस्सा आजूबाजूच्या गावांना जातो, रवांडात टुरिझमच्या उत्पन्नातला १० टक्के. म्हणजे ज्या शेतकऱ्याचं केळीचं वावर गोरिला येऊन उपटून टाकतात त्याने कोयता घेऊन मागे लागू नये म्हणून हे पैसे आहेत. १९८०च्या सुमारास विरुंगाच्या डोंगरांत अडीचशेच गोरिला उरले होते, आता त्याच डोंगरांत ६०० च्या वर आहेत. नवऱ्याला हे सांगा, पटलं नाही तरी वाद घालू नका, त्याच्या युरोपचंही एक वर्ष येऊ द्या. नणंदेचं सोडून द्या.

बरं, आता खरा हिशोब. समजा तिघं युगांडाला जाताय, ट्रेक तुम्ही आणि मुलगी दोघीच करताय, सहा रात्री. मुंबईहून एंटेबेला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये युगांडा एअरलाइन्सची थेट फ्लाईट सुरू झाली, रोज नसते, तुमच्या तारखांना आहे का बघा, नाहीतर अदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईवरून. माणशी ५५ हजार धरा, तिघांचे १ लाख ६५ हजार. दोन परमिट १ लाख ४४ हजार, त्यात पार्कची एन्ट्री आणि गाईड आला. व्हिसा ५० डॉलर माणशी, ऑनलाईन, तिघांचे साधारण १४ हजार. ड्रायव्हर आणि पेट्रोल धरून फोर बाय फोर गाडी दिवसाला १७० डॉलरच्या आसपास, सहा दिवसांचे ९२ हजार. साध्या पण स्वच्छ गेस्टहाऊसमध्ये दोन खोल्या किंवा एक मोठी, जेवण धरून रात्रीला १५० डॉलर, म्हणजे ८१ हजार. वाटेतलं खाणं-पाणी २० हजार, पोर्टर आणि टिपा ११ हजार, लस-गोळ्या-इन्शुरन्स तिघांचे २५ हजार, वरखर्च ३० हजार. बेरीज ५ लाख ८२ हजार. तुमचे ६ लाख आहेत. नवऱ्यानेही ट्रेक करायचा म्हटलं तर साडेसहाच्या वर, म्हणजे आरडी अजून चार-सहा महिने चालू ठेवायची, एवढंच. सव्वासतरा लाख कुठे आणि हे कुठे. यातले परमिट आणि व्हिसाचे आकडे पक्के, गाडी-खोली-फ्लाईटचे अंदाज, त्यात पाच-दहा हजार इकडे-तिकडे होणारच.

पण "युगांडा स्वस्त, रवांडा महाग" हे तुमचं जे पक्कं गृहीत आहे ते मात्र तपासून बघा, कारण ते माणसांच्या संख्येवर बदलतं. एंटेबेहून बविंडी नऊ-दहा तास, मधे एक मुक्काम करावाच लागतो, जाताना आणि येताना. रवांडाची राजधानी किगालीहून गोरिलांच्या पार्कजवळचं मुसांझे दोन-अडीच तास, रस्ता गुळगुळीत. म्हणजे रवांडात गाडीचे तीन दिवस आणि दोन रात्री वाचतात. वर रवांडा कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना ३० दिवसांचा व्हिसा फी न घेता देतो, त्यात आपण येतो, जायच्या आधी नियम एकदा बघून घ्या. हे सगळं वजा केलं तर दोन परमिटच्या हिशोबात रवांडा तुम्हाला जास्तीत जास्त ४० हजारांनी महाग पडतो, सव्वा लाखाने नाही. तीन परमिट घेतलीत तर फरक लाखाच्या घरात जातो. आणि तुम्ही एकट्या गेलात तर? मी आकडे मांडून बघितले, दोन्हीकडे ३ लाखांच्या आसपासच येतात, कारण युगांडात त्या लांबलचक गाडीचं पूर्ण भाडं एकटीच्या अंगावर पडतं. एकटीला रजा कमी असेल तर मी रवांडाच म्हणेन. चारपाच जण एका गाडीत असाल तर डोळे मिटून युगांडा.

एक तिसरा मार्गही बरेच जण करतात, विमान किगालीचं घ्यायचं आणि गाडीने बॉर्डर ओलांडून युगांडातल्या बविंडीच्या रुशागा भागात जायचं, चार-पाच तास. परमिट युगांडाचं, प्रवास रवांडाचा. फक्त गाडी बॉर्डरपार न्यायची परवानगी आणि त्याची फी गाडीवाल्याकडून आधी लेखी घ्या. (रवांडात उजवीकडून गाडी चालवतात, युगांडात आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे स्वतः चालवायचा मोह टाळा.) युगांडाचा लांबचा प्रवासही अगदीच वाया नसतो म्हणा, वाटेत विषुववृत्त लागतं, लेक म्बुरोला मुक्काम केलात तर झेब्रे दिसतात, मुलगी खूश होईल. रस्त्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात, चपाती तिकडेही चपातीच. शाकाहारी असाल तर भात, राजम्यासारखे बीन्स आणि मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, यावर आरामात निभावतं, लोणच्याची बाटली न्या.

टूरवाल्याकडूनच करायचं असेल तर करा, सगळ्यांना स्वतः बुकिंग करायला जमत नाही आणि युगांडाची परमिटं बहुतेक लोक तिथल्या रजिस्टर्ड ऑपरेटरमार्फतच काढतात. पण प्रश्न विचारा. परमिट कोणाच्या नावावर आहे, पासपोर्टवरचंच स्पेलिंग आहे ना, काढल्यावर कॉपी पाठवणार का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेक्टर कुठला. बविंडीचे चार भाग आहेत, बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो, परमिट एका ठराविक भागातल्या कुटुंबाचं असतं, आणि नकाशावर हे सगळं जवळ दिसलं तरी डोंगरातल्या रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायला काही तास लागतात. लॉज बुहोमाला आणि परमिट रुशागाचं असं झालं तर पहाटे अंधारात निघावं लागतं, आणि सकाळच्या ब्रीफिंगला तुम्ही पोचला नाहीत तर कोणी तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून आधी परमिट, मग त्याच सेक्टरमधला लॉज, मग विमान. उलटं करू नका. "हॅबिच्युएशन एक्सपिरियन्स" नावाचं, म्हणजे माणसांची सवय लावणं चालू असलेल्या कुटुंबाजवळचं, चार तासांचं १,८०० डॉलरचं परमिट कोणी गळ्यात मारत असेल तर पहिल्या वेळेला नको.

पॅकेज घेतलंत तर त्यावर जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे टूरवाला आधीच गोळा करतो तो इन्कम टॅक्स, लागतो. टीसीएस रिटर्न भरताना ऍडजस्ट होतो किंवा परत मिळतो, पण तोवर रक्कम अडकते, आणि दर बजेटगणिक बदलतात, तुम्ही बँकेतच आहात, मी काय सांगू. कोटेशनमध्ये तो धरलाय की नाही एवढं विचारा. डॉलर नेताना नवीन, कोऱ्या नोटा न्या, युगांडात २००९ च्या आधी छापलेल्या किंवा घडी पडून फाटायला आलेल्या नोटा घेत नाहीत, आणि ५-१० च्या सुट्ट्या नोटांना शंभराच्या नोटेपेक्षा भाव कमी मिळतो. टिपांसाठी मात्र सुट्ट्याच लागतात.

आता कुठे हात आखडता घ्यायचा आणि कुठे नाही. लॉजमध्ये घ्या. तुम्ही सकाळी सहाला उठून जाणार आणि संध्याकाळी मेल्यासारख्या झोपणार, रात्रीला ५०० डॉलरची खोली कोणासाठी? पण पोर्टरमध्ये बिलकुल नाही. २० डॉलरच्या आसपास घेतात, गावातलीच पोरं-पोरी असतात, गमबूट घालून सकाळी रांगेत उभे असतात. मला सॅक झेपते, पोर्टर कशाला, असं आपल्याला वाटतं. सॅकचा प्रश्नच नसतो. चढावर पुढून हात देऊन ओढायला आणि घसरताना मागून पाठीला आधार द्यायला कोणीतरी लागतं, आणि गोरिला जवळ आले की सॅक, काठी, खाणं सगळं मागे त्यांच्याजवळच ठेवून फक्त कॅमेरा घेऊन पुढे जायचं असतं, तोंडाला मास्क लावून. तिथे पोर्टरकी हा मोठा रोजगार आहे. दोघींना दोन घ्या. ब्रीफिंगच्या वेळी रेंजरला सरळ सांगा की आम्हाला जवळचं कुटुंब द्या, लाजू नका, चालायची ताकद बघूनच ते गट पाडतात.

इन्शुरन्समध्येही काटकसर नको. जंगलातून बाहेर काढायचा खर्च, म्हणजे इव्हॅक्युएशन, त्यात हवाच. २०२४ च्या शेवटी रवांडात मारबर्ग, म्हणजे इबोलासारखाच आजार, आणि २०२५ च्या सुरुवातीला युगांडात इबोला येऊन गेला, दोन्ही काही महिन्यांत आटोक्यात आले, पण असं काही झालं तर परमिटची तारीख बदलून मिळते का, लॉज पैसे परत देतो का, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं. आणि सर्दी-खोकला-ताप असेल तर त्या दिवशी तुम्हाला सोडतच नाहीत, त्यामुळे आठवडाभर आधीपासून स्वतःला जपा, विमानात मास्क लावा.

यलो फीव्हरची लस तिघांनाही लागणार, नवरा जंगलात गेला नाही तरी. युगांडात उतरताना कार्ड मागतात आणि परत येताना आपल्याकडेही मागतात, नसेल तर क्वारंटाईन करतात. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर १० दिवसांनी चालू होतं, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी साठीच्या पुढचे असाल किंवा अंड्याची ऍलर्जी असेल तर आधी डॉक्टरशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच व्हिजिटमध्ये विचारून घ्या.

एक शेवटचं, "आत्ता नाही गेलो तर अजून महाग होईल" या भीतीबद्दल, कारण लोनचा विचार त्यातूनच आलेला दिसतो. महाग होतं हे खरं आहे. युगांडाचं परमिट २०२० मध्ये ७०० झालं, २०२४ च्या जुलैत ८००. रवांडाने २०१७ मध्ये एका रात्रीत ७५० चं १,५०० केलं. पण चार वर्षांत १०० डॉलर म्हणजे माणशी ९ हजार, डॉलर वाढला तर अजून थोडे. पर्सनल लोनचं व्याज याहून कितीतरी जास्त होईल. तेव्हा मुलीची दहावी आरामात होऊ द्या, तोवर आरडी चालू ठेवा, दोघींनी महिन्यातून दोन रविवार पाठीवर सॅक घेऊन सिंहगड चढायला सुरुवात करा, पावसाळ्यात तर नक्कीच, चिखलाची सवय होईल. नवऱ्याला या रविवारी विचारून टाका. तो येत नाही म्हणाला आणि मुलगीही ऐनवेळी मैत्रिणींबरोबर कुठे जायचं म्हणाली, तर एकटीचे ३ लाख तुमच्याकडे आत्ताच आहेत, आणि डिसेंबर-फेब्रुवारी तुम्हाला मोकळाच आहे, दहावी तुमची नाहीये.